इयत्तानिहाय किमान २०

१६ जून २०२५, सोमवार. विदर्भ सोडून बाकीच्या महाराष्ट्रात शाळा उघडल्या. विदर्भातल्या उन्हामुळे आठवडाभर उशिरा उघडतात. पहिलीच्या पोरांना फुलं, फुगे, नवी पुस्तकं, गावातून फेरी, असा प्रवेशोत्सव झाला आणि दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, शालेय शिक्षण विभागाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला. पहिली ते पाचवीला मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी ही ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल. ज्यांना हिंदी नको असेल त्यांना दुसरी कोणतीही भारतीय भाषा घेता येईल. मात्र अशी मुलं शाळेत ‘इयत्तानिहाय किमान २०’ हवीत. तेवढी भरली तर शिक्षक मिळेल, नाही भरली तर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

बारा दिवसांनी, २९ जूनला, हा निर्णय रद्द झाला. त्याच्या आधीचा, १६ एप्रिलचाही त्याच दिवशी रद्द झाला. पहिल्यापासून मोजले तर सगळे प्रकरण ७४ दिवसांचे. त्या दिवसांत जे बोलले गेले त्यातले बहुतेक मराठी विरुद्ध हिंदी या भाषेत बोलले गेले, आणि ते स्वाभाविक होते. पण मला हे प्रकरण मांडायचे आहे ते त्या वीसच्या आकड्यासाठी. त्याच्याकडे त्या गदारोळात फारसे कुणी थांबून पाहिले नाही.

निर्णय कुठून आला

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये त्रिभाषा सूत्र आहे. पण त्याच धोरणात असेही म्हटले आहे की कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही. तीन भाषा राज्याने, प्रदेशाने आणि विद्यार्थ्याने ठरवायच्या, अट एवढीच की तीनपैकी किमान दोन भारतीय असाव्यात. ही सौम्य भाषा अशीच आलेली नाही. २०१९ च्या मसुद्यात बिगरहिंदी राज्यांसाठी हिंदीचा उल्लेख होता, तमिळनाडूत ओरड झाली आणि काही दिवसांत तो मजकूर बदलला गेला. म्हणजे दिल्लीने ज्या खड्ड्यात पाय घालून काढून घेतला होता, त्याच खड्ड्यात मुंबईने सहा वर्षांनी पाय घातला.

धोरणावर आधारलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला. त्यात तीन भाषांना आर-१, आर-२, आर-३ अशी नावे आहेत. पहिल्या दोन सुरुवातीच्या वर्गांत, तिसरी माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून. केंद्राचा स्वतःचा आराखडा तिसरी भाषा सहावीत आणतो आणि राज्य ती पहिलीत आणते. हे का, याचे सरळ उत्तर या ७४ दिवसांत मला कुठे सापडले नाही.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर कोठारी आयोगाचा. १९६४ ते १९६६ मध्ये काम केलेल्या त्या आयोगाने चौथीपर्यंत एकच भाषा, पाचवी ते सातवी दोन आणि आठवीपासून तीन, असे सुचवले होते. त्रिभाषा सूत्राचे नाव घेणारे आयोगाचा हवाला देतात, पण आयोगाने घातलेला हा जिना सांगत नाहीत.

१६ एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये शाळेच्या वर्षांचे ५+३+३+४ असे गट करणारी धोरणातली नवी रचना टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे वेळापत्रक होते: २०२५-२६ ला पहिली, पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, असे करत २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. त्याच कागदात, मराठी आणि इंग्रजी माध्यमासाठी पहिलीपासून हिंदी ‘अनिवार्य’ असा शब्द होता. तोपर्यंत मराठी शाळेत हिंदी पाचवीत भेटत असे. चौथीपर्यंत मराठी आणि इंग्रजी, बस्स.

चार दिवसांत राज्य सरकारच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हा निर्णय मागे घ्यायला सांगितले. समितीला न विचारता तो घेतला गेला, ही त्यांची तक्रार. देशमुख माजी सनदी अधिकारी, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. फाइल कशी फिरते हे त्यांना कुणी शिकवायला नको. भाषेवर सल्ला द्यायला नेमलेल्या समितीला भाषेचा निर्णय वर्तमानपत्रातून कळावा, यातच पुढचे बरेचसे आले. २२ एप्रिलला शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती जाहीर केली.

नीट वाचले तर स्थगिती शब्दाला होती. तो शब्द काढल्यावर त्या जागी काय येणार, हे पुढचे दोन महिने लटकत राहिले. त्यातला बहुतेक काळ शाळा बंद होत्या, शिक्षक सुट्टीवर होते. मग शाळा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘सर्वसाधारणपणे’.

आता वीसचा आकडा

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांचे प्रमाण दिलेले आहे. शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक. ६१ ते ९० असतील तर तीन. ९१ ते १२० ला चार. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘द्विशिक्षकी’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे, वाड्यावस्त्यांवर तर शाळा म्हटली की द्विशिक्षकीच.

गणित मांडू. साठ मुलांची शाळा म्हणजे द्विशिक्षकीतली सगळ्यात भरलेली शाळा. पाच इयत्ता. सरासरी वर्गात बारा मुले. बारा मुलांच्या वर्गात वीस मुलांनी पर्याय मागायचा. सगळ्यांनी एकमताने, आईबापांच्या सहीसह, कन्नड मागितली तरी आठ कमी पडतात.

पुढची पायरी घेऊ. नव्वद मुलांची, तीन शिक्षकांची शाळा: वर्गात सरासरी अठरा. अजूनही दोन कमी. १२० मुलांची, चार शिक्षकांची: वर्गात चोवीस. इथे पहिल्यांदा शक्यता दिसते, पण चोवीसपैकी वीस जणांनी हिंदी नाकारली पाहिजे आणि त्या वीसही जणांनी एकच दुसरी भाषा मागितली पाहिजे. दहा गुजराती आणि दहा तेलुगू चालणार नाही.

म्हणजे कागदावर पर्याय होता आणि १२० पटाच्या खालच्या शाळेला तो जवळजवळ नव्हताच. मोठ्या शहरातल्या, एका इयत्तेला दोन-तीन तुकड्या असलेल्या शाळेत तो खरा होता. मुंबईतली एखादी इंग्रजी शाळा सहज वीस मुले गोळा करील. म्हणजे निवड करण्याचा अधिकार पटाच्या प्रमाणात वाटला गेला, आणि पट कुठे कमी आहे हे शिक्षण विभागाइतके कुणालाच ठाऊक नाही. २०२३ मध्ये ‘समूह शाळां’ची, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याची, कल्पना पुढे आली तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात साधारण पंधरा हजारांच्या घरात असल्याचे विभागानेच सांगितले होते. हा पट इयत्तेचा नव्हे, अख्ख्या शाळेचा. एकाच विभागाच्या एका फाइलीत वीस हा आकडा शाळा फार लहान असल्याचा पुरावा होता, आणि दुसऱ्या फाइलीत एका इयत्तेत सहज जमेल अशी अट.

हे मुद्दाम केले की न पाहता झाले, मला माहीत नाही, आणि खरे सांगायचे तर ‘मुद्दाम’ म्हणावे इतका विचार त्यामागे असेल असे वाटतही नाही. मंत्रालयात आकडा बऱ्याचदा असाच येतो: वीस हा गोल आकडा, एका शिक्षकाचा पगार काढायला बरा वाटणारा. पण आकडा कुठूनही आला तरी काम तेच करतो. ‘सर्वसाधारणपणे’ आणि ‘किमान २०’ हे दोन तुकडे जोडले की ‘अनिवार्य’ तयार होते, फक्त ते एका ओळीत दिसत नाही.

राहिला ऑनलाइनचा भाग. सहा वर्षांच्या मुलाला, ज्याला अजून आपल्या नावातला अनुस्वार कुठे द्यायचा ते कळत नाही, त्याला फळ्याऐवजी पडद्यावर बंगाली शिकवायची. करोनाच्या दोन वर्षांत ऑनलाइन शाळा म्हणजे काय हे प्रत्येक घराने पाहिले आहे. त्यावर आणखी लिहीत नाही.

वर्गात बसून पाहिले तर

एखाद्या द्विशिक्षकी शाळेत सकाळी जाऊन बसा. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी. दुसऱ्या खोलीत चौथी आणि पाचवी. भिंतीला बाराखडी, कोपऱ्यात तांदळाची पोती, टेबलावर हजेरीपट आणि मोबाइल. गुरुजी तिसरीला भागाकार देतात, दुसरीला पाढे लिहायला लावतात आणि पहिलीच्या ओळीत खाली बसतात. ‘क’ ला काना ‘का’. मधे फोन वाजतो, केंद्रप्रमुखांना माहिती हवी आहे, आजच, दुपारपर्यंत, एक्सेलमध्ये. पोषण आहाराचा आकडा भरायचा आहे. दुसऱ्या खोलीतल्या बाई आज तालुक्याला प्रशिक्षणाला गेल्या आहेत, म्हणून चौथी-पाचवीची पोरंही दाराशी येऊन बसली आहेत. या प्रकाराला सरकारी भाषेत बहुवर्ग अध्यापन म्हणतात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास. दिवसाला चार. तीन इयत्ता एका खोलीत असल्या की गुरुजींचे ते चार तास तिघांत वाटले जातात. आता तिसऱ्या भाषेला प्रत्येक इयत्तेसाठी रोज फक्त अर्धा तास द्यायचा म्हटला, तर गुरुजींचे चारातले दीड तास गेले. उरलेल्या अडीच तासांत मराठी, इंग्रजी, गणित, तीनदा. आणि याच शाळेवर ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या मोहिमेचे ओझेही आहे: २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि आकडेमोड करता आली पाहिजे. दोन्ही आदेश एकाच विभागातून निघतात आणि एकाच माणसाच्या टेबलावर येऊन पडतात.

‘लहान मुलं भाषा पटकन शिकतात,’ हा युक्तिवाद या काळात हजार वेळा ऐकला. खरा आहे. पण तो कानाने शिकण्याबद्दल आहे. महाराष्ट्रातले पोर हिंदी कार्टून पाहून, गाणी ऐकून, मुंबई-पुण्यात तर रस्त्यावर खेळूनच शिकते. त्यासाठी तासिका लागत नाही. तासिका लागते ती लिहायला-वाचायला. आणि तिथे मराठी आणि हिंदीची लिपी एकच असणे ही सोय वाटते तेवढी सोय नाही. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ एका वळणाचे, हिंदीतले वेगळ्या वळणाचे. ‘ळ’ इथे पावलोपावली, तिथे नाही. ‘ते पुस्तक’ शिकून चार महिने झाले नाहीत तोवर पुस्तक स्त्रीलिंगी झाले. ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे टिंगल, तिकडे प्रयत्न. पाचवीच्या मुलाला हे गमतीचे वाटते, कारण त्याचे मराठी बसलेले असते. पहिलीतल्याचे अजून बसायचे असते. पाचवीत हिंदी सुरू करण्याची जुनी पद्धत कुणी फार विचार करून ठरवली होती की नाही, कोण जाणे, पण ती चालत होती आणि तिच्याबद्दल पालकांची तक्रार नव्हती.

सरकारचे म्हणणे

ते उडवून लावण्यासारखे नव्हते, म्हणून नीट सांगतो. गुजराती, उर्दू, कन्नड अशा इतर माध्यमांच्या शाळांत मुले आधीच तीन भाषा शिकतात: माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी. मराठी माध्यमातली मुले दोनच शिकतात. नव्या धोरणात शिकलेल्या विषयांचे श्रेयांक जमा होणार, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये, तर मराठी मुले मागे पडू नयेत, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या बाजूने मांडले गेले. दुसरा मुद्दा राजकीय: उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला, पुढच्या वर्षी मंत्रिमंडळापुढे गेला आणि त्यात हिंदीची शिफारस होती. मग आज ओरड कशाला? यावर ठाकरे गटाचे उत्तर, अहवाल स्वीकारणे म्हणजे अंमलात आणणे नव्हे.

श्रेयांकाचा मुद्दा मला पटत नाही. पहिलीतल्या मुलाच्या श्रेयांकाची चिंता करायची तर श्रेयांक मोजण्याची रीत बदलता येते, मूल बदलण्यापेक्षा ते सोपे आहे. पण इतर माध्यमांशी तुलना विचार करण्यासारखी आहे, आणि ती खऱ्या अडचणीवर बोट ठेवते, जिचा उच्चार कुठल्याच बाजूने केला नाही. ती अडचण इंग्रजीची.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हाही वाद झाला होता. आज ती इतकी रुजली आहे की मराठी शाळा टिकवायची तर पहिलीपासून इंग्रजी हवीच, असे मराठीचे कट्टर पुरस्कर्तेही धरून चालतात. धोरणाची अट अशी की तीनपैकी दोन भारतीय हव्यात. इंग्रजीची जागा पक्की धरली की मराठीबरोबर तिसरी भारतीय भाषा येणार हे ठरलेच. आणि पहिलीत तीन भाषा जड होतात म्हणायचे तर त्यातली कुठली पुढे ढकलायची? पुढे ढकलायला राजकीयदृष्ट्या स्वस्त फक्त हिंदी. इंग्रजी तिसरीत न्या, असे म्हणायची हिंमत ना मंत्रालयात होती, ना आझाद मैदानावर. माझीही नाही, पालक म्हणून. पण प्रश्न तिथे आहे हे तरी कबूल करावे.

मागे कसा घेतला गेला

विरोध दोन प्रवाहांत होता. एक शिक्षक, भाषा अभ्यासक, मराठी शाळांसाठी काम करणाऱ्या संघटनांचा. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार त्यातले ठळक नाव. यांचे म्हणणे पहिल्यापासून वयाबद्दल आणि वर्गाबद्दल होते. दुसरा प्रवाह पक्षांचा. राज ठाकरे यांनी एप्रिलमध्येच विरोध सुरू केला, उद्धव ठाकरे यांनीही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सरकारच्या आतूनही सूर बदलला: तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हिंदी पहिलीपासून नको, पाचवीपासून असावी असे जाहीरपणे सांगितले. शरद पवारांचेही मत तसेच.

५ जुलैला दोन्ही ठाकरे एकत्र मोर्चा काढणार असे ठरले आणि चित्र पालटले. २००५ मध्ये राज यांनी शिवसेना सोडल्यापासून हे घडले नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, निवडणुका तोंडावर. ३० जूनला पावसाळी अधिवेशन सुरू होणार होते. २९ जूनला आझाद मैदानाजवळ जीआरची होळी झाली आणि त्याच संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी दोन्ही शासन निर्णय रद्द केल्याचे सांगितले. डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैचा मोर्चा वरळीच्या डोममध्ये विजयी मेळावा झाला.

इथे जीआर या वस्तूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. कायदा करायचा तर विधेयक, चर्चा, मतदान लागते. मराठी सर्व शाळांत सक्तीची करण्याचा २०२० चा कायदा तसा झाला. शासन निर्णयाला यातले काही लागत नाही. अवर सचिव किंवा उपसचिवाच्या सहीने तो संकेतस्थळावर चढतो आणि लाखभर शाळांना लागू होतो. म्हणून तो पटकन काढता येतो आणि म्हणूनच पटकन मागे घेता येतो. हिंदीचा प्रश्न सभागृहात विधेयक म्हणून आला असता, तर एखाद्या तालुक्यातल्या आमदाराने उठून विचारले असते: माझ्या मतदारसंघातल्या किती शाळांत एका इयत्तेला वीस मुले आहेत? त्या प्रश्नाचे उत्तर यू-डायसच्या, म्हणजे सरकार दरवर्षी शाळांकडून भरून घेते त्या, माहितीत आहे, काढायला एक दिवस पुरतो. तो कुणी विचारला नाही, कारण विचारायची जागाच नव्हती.

माघारीतही तो विचारला गेला नाही. मेळाव्यात भाषणे झाली ती अस्मितेची, आणि ती व्हायलाच हवी होती, कारण सरकार हलले ते त्यांनीच. वर्गातल्या तासांचा हिशोब मांडणाऱ्यांचे एप्रिलपासून कुणी फारसे ऐकले नव्हते. हे मी कडवटपणे म्हणत नाही. लोकशाहीत असेच होते, ज्याच्याकडे माणसे जमवण्याची ताकद आहे त्याच्या शब्दांत प्रश्न मांडला जातो. पण मग उत्तरही त्याच शब्दांत मिळते. जाधव समितीला काम मिळाले ते त्रिभाषा सूत्र कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या पद्धतीने, कोणते पर्याय ठेवून लागू करायचे ते ठरवण्याचे. मुदत तीन महिन्यांची होती.

‘कोणत्या इयत्तेपासून’ हा प्रश्न १६ एप्रिलच्या आधी कुणी विचारला असता तर त्याला तीन महिनेही लागले नसते. केंद्राचा आराखडा उघडून सहावीचे पान काढले असते. विचारला गेला तो ७४ दिवसांनी, दोन जीआर आणि एक शब्दाची स्थगिती एवढे झाल्यावर. १६ जूनला पहिलीत बसलेली पोरे तोवर ‘का’, ‘कि’, ‘की’ पर्यंत आली होती. खोलीत पहिली, दुसरी, तिसरी तशीच एकत्र, आणि बाई बुधवारी पुन्हा प्रशिक्षणाला.